कळीचा मुद्दा : छोट्या कळफलकाची मोठी कथा

संगणकाच्या जगात गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक न्यारा छंद रुजला आहे. बाजारातला तयार कळफलक विकत न घेता, आपल्या हाताला बेतलेला लहानसा कळफलक स्वतः जुळवायचा. ही छंदी मंडळी धातूची पट्टी मापाप्रमाणे कापून घेतात, कळांखालचे झरे पारखून निवडतात, डाख लावून तारा जोडतात आणि शंभरावर कळांच्या जागी साठ, कधी चाळीसच कळांवर भागवतात. एवढे झाले की सर्वांची गाडी एकाच प्रश्नाशी येऊन अडते : या एवढ्याशा जागेत आणखी काय काय बसवता येईल? कोणी म्हणतो, आवाज कमी-जास्त करायला एक फिरकी हवी. कोणी म्हणतो, कळांखाली दिवे हवेत. कोणाला हाताच्या रुंदीप्रमाणे दोन तुकडे झालेला कळफलक हवा असतो, तर कोणाला एकाच कळीला दोन-दोन कामे लावायची असतात.

वरवर पाहता हा हौशी लोकांचा खेळ वाटेल. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाचे मोठे कुतूहल वाटत आले आहे. कारण हा प्रश्न कालपरवाचा नाही. कळफलक जन्मला तेव्हापासून, म्हणजे गेली दीडशे वर्षे, तो विचारला जात आहे. काय ठेवायचे, काय टाकायचे आणि टाकलेले दुसऱ्या कोणत्या युक्तीने परत मिळवायचे, या तीन प्रश्नांचा इतिहास म्हणजेच कळफलकाचा इतिहास. आणि सीमाभागात दोन लिप्यांच्या सावलीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो फार जवळचा आहे. तो कसा, ते ओघाने येईलच.

बंदुकीच्या कारखान्यातले यंत्र

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स नावाचे एक मुद्रक व वृत्तपत्रकार होते. कार्लोस ग्लिडन आणि सॅम्युअल सोल या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी १८६८ साली लेखनयंत्राचे एकस्व मिळवले. त्या पहिल्या आराखड्यातील कळा पियानोसारख्या, लांबट पट्ट्यांच्या होत्या. हळूहळू त्यांची गोल बटणे झाली आणि ती चार ओळींत बसली. १८७३ साली न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावच्या रेमिंग्टन कंपनीने हे यंत्र बनवण्याचे काम अंगावर घेतले. ही कंपनी बंदुका बनवणारी. शिवणयंत्रेही तिथे तयार होत. त्यामुळे १८७४ मध्ये बाजारात आलेले ते टंकयंत्र शिवणयंत्राच्या घडवंचीवर बसवलेले होते. अंगावर रंगीत फुले काढलेली, आणि ओळ संपली की गाडी मागे आणायला खाली पायटा!

या यंत्रावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. गंमत पुढेच आहे. त्यावर १ आणि ० हे अंकच नव्हते. १ साठी 'आय' हे अक्षर आणि शून्यासाठी 'ओ' वापरायचे, म्हणजे दोन कळा वाचल्या. १ च्या अंकाची कळ तर पुढे कित्येक दशके अनेक टंकयंत्रांवर नव्हती. छोट्या लिपीतील 'एल' हे अक्षरच एकाचे काम करी. थोडक्यात, आजचा हौशी कारागीर ज्या काटकसरीने बेत आखतो, तीच काटकसर पहिल्या कळफलकापासून चालत आलेली आहे.

अक्षरांची 'क्वर्टी' मांडणी याच काळातली. टंकाचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती तशी केली, अशी कथा शाळेत आपण सर्वांनी ऐकली आहे. अलीकडे जपानी संशोधकांनी या कथेवर शंका घेतली असून, तारायंत्रावरून संदेश उतरवून घेणाऱ्या कारकुनांच्या सोयीचा त्या मांडणीवर प्रभाव असावा असे मत मांडले आहे. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे : मांडणी कोणाच्या तरी अडचणीतून जन्मली, आणि अडचण नाहीशी झाल्यावरही राहून गेली.

शिफ्ट नावाची युक्ती

लहान आणि मोठी अशी दोन्ही इंग्रजी अक्षरे हवीत, ही मागणी लगेच पुढे आली. त्यावर दोन उपाय निघाले. १८७८ साली रेमिंग्टनने दुसऱ्या क्रमांकाचे यंत्र आणले. त्यात प्रत्येक दांड्याच्या टोकाला दोन अक्षरे कोरलेली होती आणि एक खास कळ दाबली की कागदाची संपूर्ण गाडीच जागेवरून किंचित सरकत असे. गाडी सरकवणारी म्हणून ती 'शिफ्ट'. आज काहीच सरकत नाही, नाव मात्र कायम आहे. दुसरा उपाय कॅलिग्राफ या प्रतिस्पर्धी यंत्राचा. त्यांनी लहान अक्षरांना वेगळ्या कळा, मोठ्यांना वेगळ्या, असा दुप्पट पसारा मांडला. शिकायला तो सोपा, कारण जे दिसते तेच उमटते. पण बोटांना धावाधाव फार.

काही वर्षे दोन्ही पंथ नांदले, आणि अखेर शिफ्टचा पंथ जिंकला. एका कळीला दोन अर्थ देता येतात आणि मनुष्य ते सहज शिकतो, हा धडा तिथे मिळाला. आजचे छोटे कळफलक याच धड्यावर उभे आहेत.

ओठावर सूर, हातात पाच कळा

संगणक आल्यावर कळफलकाला नवी कामे लागली. अक्षर उमटवण्याखेरीज 'थांब', 'पुढे जा', 'संदेश संपला' अशा आज्ञाही त्याने द्यायच्या होत्या. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप ३३ या दूरमुद्रकावर अशा आज्ञांसाठी 'कंट्रोल' ही कळ होती. अक्षराच्या सांकेतिक क्रमांकातील ठरावीक हिस्सा ती बदलून टाकी. पुढे संगणकाच्या पडद्यांबरोबरही ही कळ राहिली. १९७६ मधील एडीएम-३ए हा पडदा याबाबतीत प्रसिद्ध आहे. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. 'एच', 'जे', 'के', 'एल' या चार अक्षरांवरच बाण छापले होते. बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा संपादक-कार्यक्रम याच पडद्यावर लिहिला. म्हणून त्यात आजही वर-खाली जायला हीच चार अक्षरे वापरतात. जागेअभावी केलेली एक तडजोड सवय होऊन पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

याच सुमारास उलट्या टोकाचाही प्रयोग झाला. पास्कल या संगणकभाषेचे जनक निकलाउस विर्थ १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला होते. अक्षराच्या संकेतात एक जादा खूण बसवणारी कळ असावी, अशी सूचना त्यांनी तिथे केल्याचे सांगतात. त्यांचे टोपणनाव 'बकी'. म्हणून अशा खुणांना 'बकी बिट' असे नाव पडले. ही कल्पना पुढे एमआयटीत पोहोचली आणि तिथल्या लिस्प यंत्रांसाठी टॉम नाइट यांनी केलेल्या कळफलकावर तिचा वटवृक्ष झाला. त्या कळफलकाला 'स्पेस कॅडेट' म्हणत. त्यावर शिफ्टखेरीज कंट्रोल, मेटा, सुपर, हायपर, टॉप आणि ग्रीक अशा मिळून सात अर्थ-पालट कळा होत्या. एकावेळी तीन-चार कळा दाबून हजारो वेगवेगळ्या आज्ञा देता येत. ते वापरणारे विद्वान होते हे खरे. पण बोटांची कसरत पाहता ते मल्लखांबपटूही असावेत असे वाटते!

तिसरा मार्ग डग्लस एंगलबार्ट यांचा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात जगाने माउस प्रथम जाहीरपणे पाहिला. माउसची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या डाव्या हाताखाली काय होते ते फारसे कोणी सांगत नाही. तिथे पाचच कळांची एक छोटी पेटी होती. पाच बोटांसाठी पाच कळा. पेटीवर दोन-तीन सूर एकदम धरावेत तशा त्या एकत्र दाबायच्या. हिशेब साधा आहे : पाच कळांच्या निरनिराळ्या जुळण्या ३१ होतात आणि इंग्रजी अक्षरे २६ आहेत. एवढ्या कमी कळांत सगळी भाषा बसवून दाखवणारा हा माणूस. पण त्याची ही पेटी जनसामान्यांत रुजली नाही. कारण ती शिकावी लागे. डोळ्यांनी पाहून अक्षर शोधण्याची सोय तिच्यात नव्हती. कमीत कमी कळा म्हणजे जास्तीत जास्त पाठांतर, हा दुसरा धडा.

खोगीर आणि खोगीरभरती

१९८१ साली आयबीएमने व्यक्तिगत संगणक आणला, तेव्हा त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. १९८४ मध्ये ८४ झाल्या. त्यानंतर एक-दोन वर्षांत १०१ कळांचा 'सुधारित' कळफलक आला आणि तोच जगाचा मापदंड ठरला. पुढे विंडोजच्या कळा आल्या आणि आकडा १०४ वर गेला. बाणांना स्वतंत्र घर मिळाले, अंकांना उजवीकडे वेगळी ओसरी मिळाली, वर कार्य-कळांची लांबलचक ओळ लागली. हिशेबनिसांची सोय झाली. पण पसारा अर्ध्या मीटरच्या आसपास गेला, अंकांच्या ओसरीमुळे माउस दूर ढकलला गेला आणि उजव्या खांद्याला कायमची हेलपाट लागली. आणखी एक बदल झाला. 'ए' अक्षराच्या डावीकडे असलेली कंट्रोल कळ खालच्या कोपऱ्यात हलवून तिच्या मोक्याच्या जागी 'कॅप्स लॉक' बसवण्यात आली. दिवसातून हजार वेळा लागणारी कळ अडगळीत, आणि क्वचित लागणारी ओटीवर! संगणकतज्ज्ञांना ही गोष्ट फार झोंबली.

त्यांपैकी एक होते टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक एइइती वादा. प्रत्येक नव्या संगणकाबरोबर नवा कळफलक येतो, कळांच्या जागा बदलतात आणि बोटांना पुन्हा धडे गिरवावे लागतात, ही त्यांची तक्रार. त्यांनी आवश्यक तेवढ्याच कळांचा लहान कळफलक सुचवला. पीएफयू या जपानी कंपनीने त्यावर काम केले आणि डिसेंबर १९९६ मध्ये 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' बाजारात आणला. कळा फक्त ६०, रुंदी जेमतेम ३० सेंटिमीटर. अंकांची ओसरी नाही, कार्य-कळांची ओळ नाही, बाणांचे घर नाही. कंट्रोल पुन्हा 'ए' च्या शेजारी आली. मग बाणांचे काय? उजव्या शिफ्टच्या शेजारी 'एफएन' नावाची एक छोटी कळ. ती धरून उजव्या हाताखालच्या विरामचिन्हांच्या चार कळा दाबल्या की त्या बाण होतात. पाहा, १८७८ ची शिफ्टची युक्तीच नव्या पोशाखात परत आली. निरनिराळ्या जातींच्या संगणकांना तोच कळफलक जोडता येईल, अशीही सोय त्यात होती.

वादांनी दिलेला एक दाखला प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील गुराख्याचा घोडा वाटेत मेला, तर तो घोडा तिथेच सोडतो; पण खोगीर मात्र पाठीवर घेऊन वाळवंट तुडवतो. घोडा बदलता येतो, अंगाला सरावलेले खोगीर बदलता येत नाही. संगणक घोडा, कळफलक खोगीर. मराठीत खोगिरावरून आलेला एक शब्द आपल्या कायम तोंडी असतो : खोगीरभरती! खोगीर जपावे आणि भरती टाळावी, असे वादांच्या कामाचे सार आपल्या भाषेत सहज सांगता येते.

मांडीवरच्या संगणकांनीही याच प्रश्नाला दोन सुंदर उत्तरे दिली. माउसकडे हात नेऊन परत आणण्यात वेळ जातो, हे टेड सेल्कर यांना खटकत होते. जाताना पाऊण सेकंद, येताना तितकाच. त्यांनी 'जी', 'एच' आणि 'बी' या कळांच्या बेचक्यात रबरी टोकाची एक छोटीशी दांडी बसवली. १९९२ च्या थिंकपॅडवर ती लाल रंगात आली. बोट न उचलता बाण हवा तिकडे नेता येऊ लागला. १९९५ मध्ये जॉन कॅरिडिस यांनी तर कमालच केली. त्यांच्या थिंकपॅड ७०१ चे झाकण उघडले की कळफलकाचे तिरके कापलेले दोन तुकडे पसरून एकमेकांना जुळत आणि संगणकाहूनही रुंद कळफलक तयार होई. झाकण लावले की पंख मिटत. लोकांनी त्याला 'फुलपाखरू' हे नाव दिले आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्याला जागा मिळाली.

आतली व्यवस्था

आता थोडे कळफलकाच्या पोटात डोकावू. साठ कळा म्हणजे साठ स्वतंत्र तारा, असे नसते. वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी पाडाव्यात, तशा पाच आडव्या आणि चौदा उभ्या तारा असतात. प्रत्येक चौकाला एक कळ. म्हणजे १९ तारांत ७० कळांपर्यंतचा कारभार. एक छोटी चकती, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, एकेका तारेत वीज सोडून सेकंदाला शेकडो वेळा गस्त घालते आणि कोणत्या चौकात जोड लागला ते टिपते. यात एक भुताटकी होते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतील कळा एकदम दाबल्या, तर वीज आडवाटेने फिरून चौथी कळही दाबल्याचा भास होतो. तो टाळायला प्रत्येक कळीपाशी एक डायोड बसवतात. हा विजेचा एकेरी रस्ताच. शिवाय कळीतील पत्रा जोडताना क्षणभर थरथरतो. एका दाबात दोन अक्षरे उमटू नयेत म्हणून चकती काही सहस्रांश सेकंद धीर धरते आणि मगच नोंद करते.

खरी किमया या चकतीतील आज्ञावलीत आहे. 'टीएमके', 'क्यूएमके' अशा खुल्या आज्ञावली कोणालाही मोफत मिळतात आणि बदलता येतात. त्यामुळे एका कळफलकावर मजल्यावर मजले चढवता येतात : तळमजल्यावर अक्षरे, पहिल्यावर अंक व बाण, दुसऱ्यावर चिन्हे. एखादी कळ टिचकी मारली तर 'एस्केप' आणि दाबून धरली तर 'कंट्रोल', असेही करता येते. अंगठा हे सर्वांत बळकट बोट. पण नेहमीच्या कळफलकावर दोन्ही अंगठ्यांना मिळून एक अंतरकळ. लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये केलेल्या माल्ट्रॉन कळफलकात अंगठ्यांना अनेक कळा दिल्या होत्या. आजचे छंदी कारागीर तोच कित्ता गिरवतात.

यात लक्षात ठेवण्याची मुख्य गोष्ट ही, की कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही. तो पाठवतो केवळ कळीचा क्रमांक. त्या क्रमांकाचे 'के' करायचे की 'क' करायचे, हे संगणक ठरवतो. आपली गोष्ट इथून सुरू होते.

देवनागरीची दाटीवाटी

टंकयंत्राच्या सुमारे ४६ कळा आणि शिफ्ट धरून ९२ जागा. इंग्रजीच्या २६ अक्षरांना त्या ऐसपैस. आपल्या लिपीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा-वेलांट्या, अर्धी अक्षरे, रफार आणि जोडाक्षरांचा मोठा गोतावळा. एवढे वऱ्हाड त्या मांडवात बसवायचे कसे? देवनागरी टंकयंत्र बनवणाऱ्यांनी त्यावर शोधलेली तोड पाहण्याजोगी आहे. ख, घ, ण, थ, ध, भ, श अशी काना असलेली कितीतरी अक्षरे त्यांनी पूर्ण ठेवलीच नाहीत. फक्त अर्धे रूप ठेवले. पुढे काना मारला की अक्षर पूर्ण. त्यामुळे अर्ध्या अक्षराची वेगळी कळ वाचली. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळांवर गाडी पुढे सरकत नसे, म्हणून ते आपोआप अक्षराच्या वर-खाली बसत. ऱ्हस्व वेलांटी मात्र अक्षराच्या आधी टंकावी लागे. 'कि' उच्चारताना क आधी आणि इ नंतर, टंकताना उलटे. टायपिंगच्या वर्गात ज्यांनी हात बसवला, त्यांना हे अजून बोटांनी आठवत असेल. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकयंत्र आणले. पुढे कितीतरी वर्षे कचेऱ्यांचा पत्रव्यवहार आणि न्यायालयांचे निकाल अशा यंत्रांतून उमटत राहिले.

यंत्र लिपीला पुरेना, तेव्हा लिपीच यंत्राजोगी करावी, असाही विचार प्रबळ झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'इ, ई, उ, ऊ' यांच्या जागी 'अि, अी, अु, अू' लिहिण्याचा पुरस्कार केला. त्यामागे मुद्रण व टंकन सुलभ व्हावे हाही हेतू होता. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे, आखूड दांडीने लिहावी अशी शिफारस केली. ती टिकली नाही. लोकांच्या डोळ्यांना आणि हाताला ती रुचली नाही. यंत्रासाठी अक्षर वाकवायचे, की अक्षरासाठी यंत्र, हा झगडा आपल्याकडे असा उघडपणे झाला. पुढे यंत्रच वाकले, ही आनंदाची गोष्ट.

वाकवणाऱ्या युक्तीचे नाव 'इनस्क्रिप्ट'. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर आणि नंतर १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक यांच्या कामातून भारतीय लिप्या संगणकावर आल्या, आणि १९९१ च्या भारतीय मानकात ही मांडणी समाविष्ट झाली. तिचे तत्त्व साधे आहे. भारतीय लिप्यांची रूपे निराळी, पण वर्णमाला एकच. मग कळफलकही एकच का नसावा? स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. अक्षर बोलण्याच्या क्रमाने टंकायचे : क आधी, वेलांटी नंतर. क च्या कळीवर शिफ्ट धरली की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. इंग्रजीत शिफ्ट अक्षराचे आकारमान वाढवते; आपल्याकडे ती अल्पप्राणाचा महाप्राण करते. पाणिनीच्या वाटेने आलेले वर्णांचे वर्गीकरण असे बोटांखाली उतरले. ल च्या कळीवर शिफ्ट धरली की ळ, आणि र च्या कळीवर धरली की 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला आपला खास ऱ. मराठीचे हे दोन दागिने तिथे सांभाळले गेले.

आणि सीमाभागातल्या आपणांस सर्वांत मोलाची गोष्ट ही : इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचाही क. म, र, त, प यांच्याही जागा त्याच. कन्नडला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे दोन जादा स्वर लागतात, तर त्यांनाही घर दिलेले आहे. एकदा हात बसला, की दोन्ही लिप्या त्याच बोटांतून उतरतात. कागदावर ज्या दोन लिप्या एकमेकींना अनोळखी दिसतात, त्यांची बोटांमधली वाट एकच निघते. व्यवहारात मात्र हा पूल फारसा वापरला गेला नाही. कर्नाटक शासनाने कन्नडसाठी के. पी. राव यांच्या मांडणीवर आधारलेला कळफलक स्वीकारला. इकडे मराठी कचेऱ्यांत जुन्या टंकयंत्राच्याच सवयी संगणकावर आल्या आणि बाकीचे बहुतेक जण रोमन अक्षरांतून मराठी उमटवू लागले. १९९१ पासून आलेला युनिकोड आणि विंडोज २००० नंतर देवनागरीला मिळालेला आधार यांमुळे अक्षर कोणत्याही यंत्रावर शाबूत राहू लागले खरे. पण ते उमटवायचे कसे, हे ज्याच्या त्याच्यावर सोपवले गेले.

आपल्या कळफलकावर काय हवे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोरियातील कळफलकावर हांगूल आणि इंग्रजी यांत अदलाबदल करणारी स्वतंत्र कळ असते. जपानी कळफलकावर अंतरकळीच्या आजूबाजूला लिपी पालटणाऱ्या कळा असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या कळफलकावर अशी एकही कळ नाही. २०१० मध्ये रुपयाला स्वतःचे चिन्ह मिळाले आणि ते कळफलकावर चढले. भाषेला मात्र कळ मिळाली नाही. आमच्या भागातील मराठी शाळेतले मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा तीन लिप्यांत लिहिते. संगणकापुढे बसले की त्याच्यापुढे एकच लिपी छापलेली असते. ज्या लिपीसाठी चार ठिकाणी शोधाशोध करावी लागते, ती लिपी हळूहळू टाळली जाते. आणि टाळलेली लिपी विसरायला एक पिढी पुरते. ही काळजी कोणा एका भाषेची नाही. कन्नड शेजाऱ्याच्या घरातही तीच आहे.

म्हणून छोटा कळफलक जुळवणाऱ्या तरुणांना इतिहासाच्या आधारे चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, भाषापालटाची कळ. तिच्यासाठी नवी जागा शोधण्याचीही गरज नाही. देवनागरीत वा कन्नडमध्ये लहान-मोठी अक्षरे नाहीत. तेव्हा 'ए' शेजारच्या मोक्याच्या जागेवर बसलेली कॅप्स लॉक आपल्या लिपीत निव्वळ खोगीरभरती आहे. तिथे टिचकी मारली की मराठी, पुन्हा मारली की कन्नड, पुन्हा मारली की इंग्रजी. कळफलकाने फक्त संगणकाला लिपी बदलण्याची खूण पाठवायची. बाकीचे काम संगणक करतो. दुसरी, एक रंगीत दिवा : सध्या कोणती लिपी चालू आहे ते मान वर न करता कळावे. दिव्यांची हौस अशी कामालाही येईल. तिसरी, हलन्ताची कळ अंगठ्याखाली. आपली भाषा जोडाक्षरांची. पाय मोडण्याचे काम घडोघडी पडते. ते आळशी बसलेल्या अंगठ्याला द्यावे. चौथी, कळांच्या टोप्या. इंग्रजी अक्षराच्या जोडीने देवनागरी आणि कन्नड अक्षरही त्यांवर कोरावे. एंगलबार्टची पाच कळांची पेटी न दिसल्यामुळे मागे पडली, हे विसरू नये.

फिरकी, आरसे, झालरी हवे तर नंतर लावाव्यात. त्यांना ना नाही. हौसेला मोल नसते हेही खरे. पण दीडशे वर्षांत टिकली ती भर, जी कोणाच्या तरी रोजच्या अडचणीतून निघाली : शिफ्ट, कंट्रोल, बोटांनी ओळखण्यासाठी 'एफ' आणि 'जे' वर ठेवलेले बारीक उंचवटे. बाकीची भर संग्रहालयात गेली.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत आपली शिकलीसवरलेली मुले-नातवंडे गावी येतील. त्यांच्यात असा एखादा छंदिष्ट निघाला, तर त्याच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवा आणि कळफलकाचा नकाशा काढायला सांगा. ळ कुठे ठेवणार, एवढे त्याला अवश्य विचारा. आणि शेजारच्या कन्नड घरातल्या मुलालाही त्याच कागदापाशी बसवा. त्याच्याही वर्णमालेत ळ आहे.